धुराड्यांच्या पायथ्याचे पाणी

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर, बॅटरसी भागात, एका जुन्या वीजकेंद्राची चार धुराडी उभी आहेत. विटांच्या अवाढव्य इमारतीच्या चार कोपऱ्यांवर, जमिनीपासून १०३ मीटर उंच गेलेली ही फिकट रंगाची धुराडी लंडन न पाहिलेल्यांनाही ओळखीची वाटतात. पिंक फ्लॉइडच्या १९७७ सालच्या ‘अ‍ॅनिमल्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ती होती, कितीतरी चित्रपटांत ती दिसली आहेत, आणि २०२२ पासून त्यांच्या पायथ्याशी दुकाने, कचेऱ्या आणि महागडी घरे आहेत. या जागेवर जे लिहिले जाते ते बहुधा मान वर करून लिहिलेले असते: वास्तुशिल्प, उंची, आकाशरेषा. मला ही दिशाच चुकीची वाटते. नदीकाठच्या वीजकेंद्राचा इतिहास पाण्याच्या पातळीवरून वाचायला हवा. नदी जिथे आत घेतली जाते आणि जिथे परत सोडली जाते, त्या दोन तोंडांपाशी उभे राहून. तसा वाचला तर बॅटरसीच्या या पंधरा एकरांची कथा वीजकेंद्रापासून सुरू होत नाही. ती आणखी पाऊणशे वर्षे मागे जाते, आणि तिच्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते. घाण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली जाते, जिथून ती हलली तिथे स्वच्छता झाल्याचे जाहीर होते, आणि जिथे ती नव्याने पडली तिथल्या माणसांना कोणी विचारलेले नसते.

वीजकेंद्रापूर्वी इथे साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल वॉटर कंपनीचे तलाव होते. साथींचा इतिहास वाचलेला माणूस हे नाव ऐकून थबकेल. १८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्यांचा अधिक भक्कम पुरावा दक्षिण लंडनमधला आहे, आणि तो या कंपनीच्या नळांतून आला. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून, कधी शेजारशेजारच्या दोन घरांत गेलेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली पाणी उचलण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवले होते. दुसरी कंपनी मात्र बॅटरसीलाच उपसा करत राहिली. थेम्सला टेडिंग्टनपर्यंत भरती चढते. शहराचा मैला ओहोटीबरोबर खाली जाई आणि भरतीबरोबर परत वर येई. कोणत्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते हे खुद्द राहणाऱ्यालाही ठाऊक नसे, तेव्हा स्नो यांनी पाण्यातले मीठ तपासले. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की बॅटरसीच्या पाण्यात दाट पांढरा साका धरे, थेम्स डिटनच्या पाण्यात जेमतेम धूसरपणा येई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत बॅटरसीचे पाणी येणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ३१५ माणसे मेली, लॅम्बेथचे पाणी येणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ३७. गल्ली तीच, हवा तीच, कमाईही साधारण तीच. फरक होता तो नळाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याचा.

या प्रकरणात पाण्याइतकाच दोष शौचकूपांचा होता, हे लक्षात ठेवायला हवे. घरातली दुर्गंधी घालवण्यासाठी लंडनने मैला गटारांत आणि गटारे नदीत सोडली. घरे खरोखरच स्वच्छ झाली. ज्यांनी ते केले त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे रोग दुर्गंधीतून होत असे, आणि दुर्गंधी त्यांनी घराबाहेर काढली होती. ती नळाने पुन्हा घरात आली. १८५२ च्या कायद्याने कंपन्यांना १८५५ पर्यंत टेडिंग्टनच्या वरून पाणी घेण्याची सक्ती केली. या कंपनीने हॅम्प्टनला नवा उपसा उभारला आणि बॅटरसीचे तलाव साठवणीपुरते उरले. पुढे लंडनचा पाणीपुरवठा सार्वजनिक मंडळाकडे गेला, तलाव निरुपयोगी ठरले, आणि नदीला लागून सपाट मोकळी जागा तयार झाली.

१९२० च्या दशकात ही जागा वीज कंपन्यांच्या नजरेत भरली, त्याची कारणे सर्वस्वी नदीची आहेत. तोवर लंडनमध्ये लहानलहान वीज कंपन्यांची गर्दी होती. प्रत्येकीची वेगळी केंद्रे, वेगळे व्होल्टेज, वेगळी फ्रीक्वेन्सी. त्यांतल्या काहींनी एकत्र येऊन १९२५ साली लंडन पॉवर कंपनी काढली, आणि १९२६ च्या कायद्याने देशभर एकच वीजजाळे उभारायचे ठरले. अनेक लहान केंद्रांऐवजी थोडी मोठी केंद्रे हवी होती. मोठ्या केंद्राला दोन गोष्टी भरपूर लागतात, कोळसा आणि थंड पाणी. कोळसा ईशान्य इंग्लंड आणि साउथ वेल्सच्या खाणींतून समुद्रमार्गे येणार होता. लंडनच्या पुलांखालून जाता यावे म्हणून या जहाजांचा बांधा बुटका ठेवलेला असे, डोलकाठ्या आडव्या करता येत, आणि त्या बसक्या आकारामुळे त्यांना ‘फ्लॅट आयर्न’ म्हणजे इस्त्री असेच नाव पडले होते. धक्क्यावरच्या क्रेन एका वेळी दोन जहाजे रिकामी करत. भरभराटीच्या काळात वर्षाला दहा लाख टनांहून अधिक कोळसा इथे जळे. पाण्याचे काम याहून मोठे आणि कमी दिसणारे. टर्बाइन फिरवून झालेली वाफ पुन्हा पाण्यात बदलावी लागते. त्यासाठी ती कंडेन्सरमधल्या थंड नळ्यांवरून न्यावी लागते, आणि त्या नळ्यांतून थेम्स वाहत असे. त्या काळच्या उत्तमोत्तम केंद्रातही कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम तीस टक्क्यांची वीज होई. उरलेल्यातला मोठा भाग नदीत जाई. म्हणजे ज्याला आपण वीजकेंद्र म्हणतो ते जमाखर्चाच्या हिशेबाने पाहिले तर आधी नदी तापवण्याचे यंत्र होते आणि मग वीज करण्याचे.

बांधकाम १९२९ च्या मार्चमध्ये सुरू झाले, पण त्याआधीच मोठा गदारोळ उठला होता. नदीपलीकडे वेस्टमिन्स्टर, राजवाडा, बागा आणि टेट गॅलरी. धुरातल्या गंधकाने चुनखडी दगडाच्या इमारती झिजतील, गॅलरीतली चित्रे खराब होतील, झाडे मरतील, अशी भीती जाहीरपणे मांडली गेली. कंपनीने दोन उत्तरे दिली. एक डोळ्यांसाठी: इमारतीच्या बाह्यरूपासाठी जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांना बोलावले. लिव्हरपूलचे कॅथीड्रल त्यांचे आणि लंडनच्या रस्त्यावरची लाल टेलिफोन पेटीही त्यांचीच. दुसरे उत्तर फुप्फुसांसाठी होते. परवानगी देताना सरकारच्या विद्युत आयुक्तांनी गंधक काढून टाकण्याची अट घातली होती, आणि मुख्य अभियंता लेनर्ड पिअर्स यांच्या हाताखाली ती पाळण्याचा एक विलक्षण प्रयत्न झाला. धुराड्यात जाण्यापूर्वी सगळा वायू थेम्सच्या पाण्याच्या फवाऱ्यांखालून न्यायचा. थेम्सचे पाणी खडूच्या टेकड्यांमधून येत असल्याने थोडे अल्कधर्मी असते. त्यात आणखी खडू मिसळला की गंधकाचे आम्ल त्यात विरघळून निष्प्रभ होते. वायूतले नव्वद टक्क्यांहून अधिक गंधक असे निघत असे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम जगात कोणी केले नव्हते. मला या अभियंत्यांबद्दल मनापासून आदर वाटतो. पण धुतलेल्या गंधकाचे काय झाले? ते सल्फेट होऊन कंडेन्सरच्या कोमट पाण्याबरोबर थेम्समध्ये गेले. शिवाय पाण्याने धुतलेला वायू गार आणि दमट होई. गरम धूर जसा उंच चढून पांगतो तसा तो चढत नसे, जवळच खाली उतरे. युद्ध सुरू झाल्यावर ही धुलाई थांबवली गेली, कारण तिचा पांढरा लोट शत्रूच्या विमानांना खूण दाखवत होता. वेस्टमिन्स्टरच्या चित्रांसाठी आवश्यक वाटलेली गोष्ट युद्धात सहज सोडून देता आली, हेही नोंदवून ठेवावे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो जोरदार आहे. मोठे केंद्र नसते तर तोच कोळसा हजारो लहान भट्ट्यांत आणि घरोघरच्या शेगड्यांत जळला असता, कसलीही धुलाई न होता. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडनवर धुरके बसले. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसे मेली आणि नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्या धुराचा मोठा वाटा घरगुती शेगड्यांचा होता. मग बॅटरसीला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? विजेने शेगडी घालवली, याचे श्रेय तिला मिळायला हवे. यातला पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. टनामागे टन मोजले तर धुलाई केलेले मोठे केंद्र शेगडीपेक्षा कितीतरी चांगले. पण उत्तरार्ध तारखांना उतरत नाही. बॅटरसीची वीज १९३३ पासून वाहत होती आणि तरीही १९५२ मध्ये लंडनची बहुसंख्य घरे कोळशावरच ऊब घेत होती, कारण विजेने खोली तापवणे महाग होते. चांगला कोळसा निर्यात होत होता आणि घरांसाठी हलका, धुरकट चुरा मिळत होता. हवा बदलली ती १९५६ च्या कायद्याने, ज्याने धूर करणारे इंधन जाळण्यावर भागाभागांत बंदी घातली आणि शेगड्या बदलायला पैसे दिले. केंद्र हे साधन होते. त्या साधनाचा लाभ कोणापर्यंत पोचायचा हे मात्र केंद्राच्या भिंतीबाहेर ठरत होते.

बांधकाम सुरू झाले तेव्हा बॅटरसी नॉर्थचे खासदार मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला होते. जमशेटजी टाटांचे ते भाचे, आधी मजूर पक्षाचे आणि मग कम्युनिस्ट. १९२२ मध्ये प्रथम निवडून आले, १९२३ मध्ये हरले, १९२४ मध्ये परत आले आणि मे १९२९ च्या निवडणुकीत पडले. केंद्राचा पाया घातला जात असताना त्यांच्या खासदारकीचे शेवटचे महिने चालू होते. हा योगायोग एवढ्यासाठी सांगायचा की त्यांच्या आजोळच्या घराण्याने त्याच सुमारास मुंबईचा धूर दुसऱ्या रीतीने हलवला होता. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. टाटांच्या कंपनीने सह्याद्रीचे पावसाचे पाणी अडवून घाटाखाली सोडले आणि १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना दिली. गिरणगावाच्या आकाशाला त्याचा फायदा झाला, यात वाद नाही. पण पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली पन्नासांवर गावे पाण्याखाली जायची होती, आणि १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून सेनापती बापट झाले. धरण झालेच, आणि भिऱ्याचे केंद्र १९२७ साली सुरू झाले. म्हणजे बॅटरसीचा प्रश्न कोळशाच्या जातीचा किंवा एका कंपनीच्या हावरेपणाचा नव्हता. कोळसा नसतानाही, धूर नसतानाही, शहराच्या उजेडाची किंमत शहराबाहेरच्या कोणाच्या तरी खात्यावर मांडता येते. लंडनमध्ये ती नदीच्या खात्यावर पडली, मुंबईसाठी मुळशीच्या. फरक इतकाच, की मावळातल्या शेतकऱ्याला बोलता येत होते आणि तो बोललाही. नदीला ती सोय नव्हती.

नदीचे म्हणणे ऐकायला वेळ लागला. १९५७ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने शहरातली थेम्स जैविकदृष्ट्या मृत असल्याचे म्हटले. मुख्य कारण शहराच्या पूर्वेला सोडले जाणारे सांडपाणी होते, वीजकेंद्रे नव्हेत. हे स्पष्ट सांगितले नाही तर माझा युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि सांडपाण्यातले जंतू जो असेल तो अधिक वेगाने संपवतात. आधीच गुदमरणाऱ्या नदीत गरम पाणी सोडणे म्हणजे दम्याच्या रोग्याच्या खोलीत चूल पेटवणे. गंमत वाटेल, पण नदी परत जिवंत होत असल्याची पहिली खात्रीची साक्षही वीजकेंद्रांनीच दिली. कंडेन्सरसाठी पाणी ओढताना कचरा अडवायला जाळ्या असतात. साठच्या दशकापासून अनेक केंद्रांच्या जाळ्यांवर अडकलेल्या माशांची नोंद ठेवली जाऊ लागली, आणि जाती वाढत असल्याचे दिसू लागले. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट थरॉक केंद्राच्या जाळीवर एक सामन मासा सापडला. जवळपास दीडशे वर्षांत थेम्समध्ये सामनची अशी नोंद झाली नव्हती. स्नो यांनी नळाच्या तोंडाशी रोग शोधला होता, एकशेवीस वर्षांनी तशाच तोंडाशी आरोग्याची खूण मिळाली. नदीचा खरा दप्तरखाना तिच्यातून पाणी ओढणाऱ्या नळाच्या जाळीवर असतो, असे मी म्हणतो ते या दोन साक्षींच्या आधारावर.

बॅटरसीच्या इमारतीत खरे तर दोन केंद्रे होती: त्यांतले ‘ए’ केंद्र मार्च १९७५ मध्ये आणि ‘बी’ केंद्र ऑक्टोबर १९८३ मध्ये बंद झाले. यंत्रे जुनी झाली होती आणि वायू धुण्यासारख्या कामांचा खर्च वाढला होता. त्यांची जागा ट्रेंट आणि एअर नद्यांच्या काठच्या प्रचंड केंद्रांनी घेतली, आणि त्यांच्या धुराड्यांवर वायू धुण्याची सोय नव्हती. युक्ती साधी होती: धुराडे इतके उंच बांधायचे की गंधक दूर जाऊन विरळ होईल. १९६७ च्या सुमारास स्वीडनचे स्वांते ओडेन यांनी आपल्या देशातल्या आम्ल झालेल्या तळ्यांचा संबंध परदेशातून येणाऱ्या गंधकाशी जोडला, तेव्हा हे ‘दूर’ म्हणजे कोठे ते कळले. ब्रिटिश वीज मंडळ १९८६ मध्ये कुठे पुन्हा गंधक काढण्याच्या यंत्रणेला तयार झाले. बॅटरसीने १९३३ मध्ये जे केले होते ते या नव्या केंद्रांना विसरता आले, कारण दरम्यान शेजारी बदलला होता. टेट गॅलरीच्या जागी नॉर्वे-स्वीडनची तळी आली होती. आपल्याकडे २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली, दोन वर्षांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक काढण्याच्या सक्तीतून मोकळे केले. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हे त्यामागचे म्हणणे खरे आहे. त्यात राख मात्र खूप असते, आणि जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा ती राख ज्या कन्हान नदीकडे गेली, त्या नदीचे पाणी नागपूर पिते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचे नळ इतके जवळ आहेत.

बंद पडल्यावर बॅटरसीचे जे झाले ते मला जास्त अस्वस्थ करते. १९८० मध्ये इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळाले होते, म्हणून ती पाडता आली नाही. तिथे करमणूक उद्यान करण्याची योजना आली. यंत्रे काढण्यासाठी छप्पर उतरवले गेले, आणि १९८९ मध्ये पैसे संपून काम थांबले. पुढची कित्येक वर्षे ते पोलादी सांगाड्यांचे दालन पावसात उभे होते. मालक बदलत गेले, किंमत मात्र चढत गेली: १९८७ मध्ये १५ लाख पौंडांना गेलेली जागा २००६ मध्ये ४० कोटींना विकली गेली, आणि २०१२ मध्ये तेवढ्याच किमतीला मलेशियन गुंतवणूकदारांनी घेतली. गंजलेली धुराडी उतरवून २०१४ ते २०१७ मध्ये जशीच्या तशी नवी बांधली गेली. आज एका धुराड्यातून काचेची लिफ्ट वर जाते, ‘बी’ केंद्राच्या नियंत्रणकक्षात मद्यालय आहे, आणि परवडणाऱ्या घरांची ठरलेली ६३६ ही संख्या २०१७ मध्ये ३८६ वर आणली गेली. सुमारे चार हजारांतली नऊ टक्के घरे.

यावर उत्तर तयार असते. एवढी मोठी इमारत वाचवायला अफाट पैसा लागतो, तो महागड्या घरांतूनच येणार. घरे नसती तर ढिगारा उरला असता. हे नाकारणे सोपे नाही. पण याच नदीकाठी, याच स्कॉट यांचे, बॅटरसीनंतर बांधलेले बँकसाइडचे तेलावर चालणारे वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद झाले आणि २००० साली ते टेट मॉडर्न झाले. त्याच्या टर्बाइनच्या दालनात कोणीही फुकट जाऊन उभे राहू शकते. बँकसाइड आकाराने लहान होते, त्यामागे राष्ट्रीय संस्था होती, लॉटरीचा सार्वजनिक पैसा होता. दोन्ही जागांची तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य. तरी दुसरा मार्ग होता एवढे ती सिद्ध करते. माझी खरी तक्रार पैशाविषयी नाहीच. वारसा म्हणून काय जपायचे हे ठरवताना आपण विटांचा आकार जपला आणि व्यवहार विसरलो. नवी बांधलेली धुराडी हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे: जुना माल उतरवून तीच रेषा आकाशात पुन्हा काढली, कारण लोकांना ती रेषा हवी होती. पाणी कोठून घेतले, काय मिसळून सोडले, कोळसा कोणी उपसला, कॉलऱ्याने कोणत्या गल्ल्यांत माणसे मेली, हे त्या रेषेत कोठेच नाही. घर घेणारा नदीचे दृश्य विकत घेतो. ते दृश्य विकण्याजोगे होण्याआधी नदीने काय सोसले हे त्याला कोणीतरी सांगायला हवे, आणि ते सांगण्याची जबाबदारी ज्यांनी ती जागा वारसा म्हणून विकली त्यांचीच आहे.

या जागेच्या इतिहासात एक काम मात्र असे झाले, ज्यात काही हलवून टाकले गेले नाही. युद्धानंतर नदीपलीकडे पिम्लिकोमध्ये चर्चिल गार्डन्स ही नगरपालिकेची मोठी वसाहत उभी राहत होती. बॅटरसीचे कंडेन्सर रोज जी उष्णता थेम्सला देत होते, तिच्यातली काही १९५० पासून नळांनी नदीखालून पलीकडे नेली गेली. ते गरम पाणी साठवायला वसाहतीत काचेच्या आवरणातली एक उंच टाकी बांधली, आणि तिच्यातून सुमारे सोळाशे भाड्याच्या घरांना ऊब आणि गरम पाणी मिळू लागले. ब्रिटनमधली या जातीची ही पहिली मोठी योजना. कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या केंद्राच्या उष्णतेतला हा किती अंश? फार थोडा, हे खरे. पण थोडा राहिला तो शक्य नव्हते म्हणून नाही. केंद्रे विजेचा धंदा करण्यासाठी बांधली होती आणि उष्णता हा त्या धंद्यातला कचरा मानला जाई, म्हणून. १९५२ च्या त्या पाच दिवसांत लंडनभर शेगड्या धुमसत होत्या, तेव्हा या वसाहतीतल्या घरांना उबेसाठी कोळसा जाळावा लागत नव्हता. बॅटरसीची गोष्ट सांगणाऱ्यांनी धुराड्यांकडे बोट दाखवण्याआधी नदीच्या उत्तरेला पाहावे अशी माझी विनंती आहे. १९८३ मध्ये बॅटरसीची उष्णता थांबली आणि पिम्लिकोला स्वतःचे बॉयलर बसवावे लागले. ती टाकी अजून वापरात आहे.